ओसरीवरची शाळा आणि आखाजीचा बार

आपल्या मुलीला शाळेत पाठवावं की घरीच शिकवावं, असा प्रश्न ज्या माणसाला पडेल त्याने तो मनातल्या मनात ठेवावा. मी तो एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून मोठ्याने उच्चारला आणि आमच्या निम्म्या मेहरूण वस्तीला उत्तर माहीत असल्याचं निघालं.

प्रश्न पडण्याचं कारण आमची कुंदा. ती तेव्हा दुसरीत होती. घरात तिच्या तोंडाला खळ नसायचा. दूधवाला आला की दुधात पाणी किती, हे ती त्याला भांडं हातात घ्यायच्या आधी सांगायची. माझी थोरली बहीण तानुअक्का धुळ्याकडची, पांझरेकाठच्या खेड्यातली. कुंदा लहानपणी तिच्याकडेच वाढली, आणि पुढे अक्का कायमची आमच्याकडे राहायला आली. या दोघींचं अहिराणीतलं बोलणं सकाळी चुलीबरोबर पेटायचं ते चुलीबरोबरच विझायचं.

हीच मुलगी शाळेत एक अक्षर बोलत नसे. दुसरीच्या पहिल्याच दिवशी वर्गाच्या सुनंदाबाईंनी विचारलं, "कुठे आलीस तू, बाळ?" आणि कुंदा म्हणाली, "शायामा." अहिराणीत 'शाळेत'ला तसंच म्हणतात, पण अख्खा वर्ग हसला. त्या दिवसापासून कुंदाने तोंडाला कुलूप लावलं. सुनंदाबाई वाईट नव्हत्या. सातारकडच्या, नव्या नोकरीच्या, कळकळीच्या. रोज तिच्याजवळ वाकून म्हणायच्या, "मोठ्याने बोल कुंदा, मला ऐकू येत नाही." कुंदा नुसते ओठ हलवायची. शेवटी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि अगदी हळुवारपणे म्हणाल्या, "मुलीला एकदा डॉक्टरांना दाखवलंत का?"

मी मोजणी खात्यातला कारकून आहे. दोन भावांच्या मध्ये बांध कुठे, हे लोक माझ्या नकाशावरून ठरवतात. अशा माणसाची मुलगी मुकी! मी ताडकन् म्हणालो, "बाई, दाखवायचंच तर तुम्हाला तिला आमच्या घरी दाखवतो. कापूस घाला कानात आणि या." बाई बिचाऱ्या गोऱ्यामोऱ्या झाल्या, आणि मी घरी येऊन ओट्यावर बसून तो प्रश्न उच्चारला.

पहिला सल्ला मालकांचा. आमचे घरमालक फुलचंदजी कापडाचे व्यापारी. तीन पिढ्यांपूर्वी मारवाडातून आलेले आणि भाडेकरूंच्या मुलांना स्वतःची समजणारे. ते म्हणाले, "देखो जीवरामभाऊ, भूगोल शिकून कोणाचं भलं झालं? पावकी, निमकी, पाऊणकी पक्की करून घ्या. छोरी दुनियेत कुठे फसणार नाही." त्यांच्या पत्नी प्रेमकुंवरबाई आतून म्हणाल्या की मुलीला आधी पापड लाटायला शिकवा, पापड लाटताना सगळ्या बायका बोलतात. हा सल्ला त्या वेळी मी हसण्यावारी नेला.

दुसरा सल्ला तोतारामनानांचा. नाना निवृत्त तलाठी. त्यांना सगळे कायदे पाठ होते, फक्त कोणता कायदा कुठे लागू होतो एवढंच आठवत नसे. "सक्तीचं शिक्षण आहे बाबा," ते म्हणाले. "मूल घरी ठेवलंस तर सरकार विचारणार. रीतसर परवानगी काढ. नाहीतर जप्ती येईल."

"कशाची जप्ती?"

"ते पुढचं पुढे," नाना म्हणाले.

बायकोला मी सर्वांत शेवटी विचारलं. यशोदा रावेरची, केळीच्या बागायतदाराची मुलगी. तिचा स्वभाव घडावर हात ठेवून घड किती दिवसांत पिकेल ते सांगणाऱ्यांचा. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "मुलगी शाळेत बोलत नाही म्हणून तिला घरी ठेवायचं. उद्या तुम्ही हापिसात काम करत नाही म्हणून साहेब तुम्हालाही घरी ठेवतील. मग बसा दोघं पाटी घेऊन."

एवढा विरोध झाल्यावर कोणताही स्वाभिमानी पुरुष जे करील तेच मी केलं. परवानगीचा अर्ज लिहायला घेतला.

शिक्षणाच्या कचेरीत मूल शाळेत घालायला एक खिडकी होती आणि नाव काढायला दुसरी. मूल न घालता, न काढता शिकवायचं तर कुठे जायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्या खिडकीने विचारलं, "मुलगी आजारी आहे का?" दुसरीने विचारलं, "मुलगी वारली का?" मी म्हणालो, मुलगी उत्तम आहे. "मग अडचण काय?" असं दोन्ही खिडक्यांनी एकदम विचारलं. मी रजा काढून काढून इतके खेटे घातले की तिथला शिपाई मला नवा बाबू समजून माझ्यासाठी चहा सांगू लागला. अखेर एका वयस्क हेडक्लार्कने माझ्यावर दया केली. त्याने अर्जावर शेरा मारला: परवानगी देता येत नाही व नाकारताही येत नाही, तूर्त शिकवावे, साहेब समक्ष येऊन मुलीची परीक्षा घेतील, मग ठरेल. नोकरीत राहून मीही पुष्कळ शेरे मारले आहेत, पण इतका परिपूर्ण शेरा माझ्या हातून कधी झाला नाही.

झालं, कुंदाचं शाळेत जाणं थांबलं आणि घरची शाळा निघाली. ओसरीच्या भिंतीवर मी काळा चौकोन रंगवून घेतला. वेळापत्रक लावलं. घंटा म्हणून अक्काची पितळी परात टांगली. माझ्या हपिसाच्या आधी सकाळी एक सत्र आणि संध्याकाळी परतल्यावर दुसरं. या सगळ्यावर एकच नियम: परात वाजल्यापासून पुन्हा परात वाजेपर्यंत घरात कुणीही पुस्तकातल्या मराठीशिवाय बोलायचं नाही. कारण माझं निदान पक्कं होतं. शाळेत मुलं हिच्या बोलण्याला हसतात. तेव्हा बोलणंच धुऊन काढलं की हसायला कारण उरणार नाही. मोजणीवाल्याला सगळं सरळ रेषेत दिसतं.

हा नियम लागू झाला त्या सकाळी यशोदेने एकदा अक्काकडे पाहिलं, अक्काने परातीकडे पाहिलं आणि दोघी गप्प झाल्या. अक्काला मीठ हवं असलं की ती बोट तोंडात घालून तोंड वाकडं करायची. तेल हवं असलं की डोक्यावरून हात फिरवायची. एकदा चुलीवरचं दूध उतू जात होतं, तेव्हा ते पुस्तकी मराठीत कसं सांगायचं हे न सुचल्याने दोघी नुसत्या टाळ्या वाजवत उभ्या राहिल्या. मला वाटलं, धड्याचं कौतुक चाललं आहे.

शाळेची कीर्ती पसरायला वेळ लागला नाही. फुलचंदजींनी आपला नातू आणून बसवला, कारण तो शाळेला म्हणून निघायचा आणि तळ्यावर सापडायचा. मग गल्लीतली आणखी पोरं आली. एक बाई आपलं तान्हं मूल ओसरीच्या खांबाशी ठेवून दळणाला गेली, "आवाजाची सवय होईल" म्हणून. मुलीला शाळेपासून वाचवायला निघालेला मी, चांगला भरलेला वर्ग सांभाळू लागलो. हपिसात मला मास्तर म्हणू लागले. मी वरकरणी रागवायचो. तोतारामनाना येऊन सांगून गेले की आता ही विनापरवाना शाळा झाली, हिला मैदान लागेल, मुताऱ्या लागतील आणि झेंडावंदनाला एक काठी लागेल. काठी त्यांनी स्वतःच आणून दिली.

सगळी पोरं घडाघडा बोलू लागली. गोदावरी कुठे उगम पावते, झाडाला मूळ, खोड, पान कशासाठी असतं, तेराचा पाढा, सगळं. फुलचंदजींच्या नातवाने तर घरी आजोबांनाच शुद्धलेखन घातलं.

बोलत नव्हती ती फक्त कुंदा.

आधी ती शाळेच्या वेळेत गप्प असे. मग परात वाजल्यावरही गप्प राहू लागली. पुढे पुढे दूधवाला आला तरी ती दारात उभी राहून नुसती बघायची. तो एके दिवशी मला म्हणाला, "भाऊ, पोर बिमार शे का? माले दूधमा पानी टाकानी लाज वाटी ऱ्हायनी." मी त्याला काहीतरी तोडून बोललो. पाटी पुढ्यात घेऊन ती बसायची. अक्षर सुरेख, उत्तर बरोबर, आणि तोंड मिटलेलं. मी वाकून म्हणायचो, "मोठ्याने बोल कुंदा, मला ऐकू येत नाही." आपण कुणाचं वाक्य बोलतो आहोत, हे माझ्या एकदा मध्येच ध्यानात आलं, आणि माझ्या हातातला खडू तसाच राहिला.

त्याच दिवशी अक्काने तिची पिशवी भरली. "मी मन्हा गाव जास," म्हणाली. मी कारण विचारलं तर परातीकडे बोट दाखवून म्हणाली, "वाजाड आधी ती. मंग बोलस." मी परात वाजवली. तेव्हा माझी अडाणी बहीण हळूच म्हणाली, "भाऊ, पोर शायामा बोलत नव्हती, ते घर ईसन बोले. आते तू शायाच घर लई उना. पोरनी आते कोठे जाईसन बोलानं?"

शाळाच मी घरात आणली, मग पोरीने बोलायचं कुठे? मी तिची पिशवी हातातून घेतली आणि खुंटीला अडकवली. एवढंच मला करता आलं. माझी बहीण कधी शाळेत गेली नाही, पण आमच्या घरातलं नेमकं काय हरवलं ते तिने एका दमात सांगितलं होतं, आणि मला तिचा फार अभिमान वाटला. भीतीही वाटली, कारण नेमकं त्याच आठवड्यात कचेरीतून साहेबांचं येणं ठरल्याचा निरोप आला.

निरोपात दिवस दिला होता तो आखाजीचा.

बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो आणि आमची खरी दिवाळी तीच. सासुरवाशिणी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, पुरुष उघडपणे पत्ते कुटतात. आणि गौराई बोळवायला पोरी पाण्यावर निघाल्या की दोन गल्ल्यांच्या पोरी समोरासमोर उभ्या राहून एकमेकींना शिव्यांची गाणी म्हणतात. याला बार म्हणतात. बारात आई-बाप, आजा-पणजा कुणालाही सोडत नाहीत, आणि त्या दिवशी त्याचा राग धरायचा नाही अशी रीत आहे. जी पुढे उभी असेल तिने उत्तर दिलंच पाहिजे. नाही दिलं तर तिची गल्ली हरली. अशा दिवशी परीक्षा ठेवणारा माणूस एकतर परगावचा असला पाहिजे किंवा फार वर्षं साहेब राहिलेला.

मी सकाळपासून कोट घालून ओसरीवर बसलो होतो. मुलं एकही नव्हती. कुंदाला नवा परकर-पोलका घालून बसवलं होतं, ती पाणी प्यायला म्हणून आत गेली आणि आतल्या आत नाहीशी झाली. अक्का नाहीशी, यशोदाही नाहीशी. तेवढ्यात साहेब आले. देवरे म्हणून होते. कडक इस्त्री, जाड चष्मा. "विद्यार्थिनी कुठे आहे?" असं त्यांनी इतक्या स्वच्छ मराठीत विचारलं की मला माझ्या परातीची लाज वाटली.

ओट्यावर पत्ते कुटणारे फुलचंदजी मान वर न करता म्हणाले, "सगळी शाळा तळ्यावर गेली साहेब. आज शैक्षणिक सहल आहे." खोटं बोलावं तर व्यापाऱ्याने. आम्ही उन्हातून तळ्याकडे निघालो. मागून तोतारामनाना काठी घेऊन आले, का ते मी अजून विचारलेलं नाही.

तळ्याच्या काठी बार रंगात आला होता. इकडे आमची गल्ली, तिकडे तळ्यावरची आळी. आणि तिकडच्या पोरींच्या घोळक्यात, त्या आळीत भाड्याने राहणाऱ्या, त्यांच्या घरमालकिणीच्या मुलींनी ओढून आणलेल्या, भांबावलेल्या सुनंदाबाई! माझे पाय तिथेच थांबले. इकडे आमच्या बाजूला सगळ्यांत पुढे कुंदा उभी होती. कुणी उभी केली ते मला दिसलं, कारण अक्का तिच्या मागून हात झटकत मागे सरत होती.

तिकडची एक दांडगी पोर ओरडली, "ह्या मुकी पोर लई उन्यात व! मुकी पोर!" हसण्याची लाट आली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही पाहू शकलो. पुढे जाऊन पोरीला उचलून घरी न्यावं असं वाटत होतं. एक पाऊल टाकलंही. यशोदेने माझा कोट मागून धरला. "थांबा," ती म्हणाली. "एवढ्या दिवसांत एकदा तरी थांबा."

कुंदाने परकर खोचला. कमरेवर हात ठेवले. आणि तोंड उघडलं.

"तुन्ही माय गोदावरी,
नाशिकथुन निंघनी,
समुद्रमा जाई पडनी,
तरी बडबड नही थांबनी!"

तिकडची पोर गडबडली. दुसरी पुढे आली. कुंदा तिच्यावर वळली.

"तुन्हा भाऊ बाभूयनं झाड,
मूय नही, खोड नही,
पान त्याले येत नही,
नुसता काटा ऱ्हास!"

मग तिसऱ्या पोरीच्या बापाचा तेराचा पाढा झाला, जो सातावर अडकत होता आणि घरी बायकोला विचारून पुढे जात होता. ओसरीवर मी जे जे शिकवलं, जे जे तिने तोंड मिटून ऐकलं, ते सगळं तिच्या तोंडून अहिराणीचं लुगडं नेसून बाहेर पडत होतं. एक नदी चुकली नाही, एक अंक चुकला नाही. अशी मुलगी आपल्या घरात जन्मली, या आनंदाने माझे डोळे भरून आले. नेमकं तेव्हाच तिने मला पाहिलं.

"मन्हा बाप मोठा मास्तर,
घरमा परात वाजाडस,
मायले गप, अक्काले गप,
आते बठ्ठ्या बोली ऱ्हायन्यात,
वाजाड ना परात, बाबा!"

दोन्ही गल्ल्या एकत्र हसल्या. राग धरायचा नाही अशी रीत असते म्हणून बरं. मी कोटाची बटणं लावू लागलो. ती आधीच लावलेली होती. शेजारी कसला तरी आवाज आला म्हणून पाहिलं, तर देवरेसाहेब चष्मा काढून डोळे पुसत होते. हसून हसून पुसत होते, की आणखी कशाने, ते कळेना. म्हणाले, "जीवरामभाऊ, मन्ही माय असाच बार म्हने. कापडणे गावनी व्हती ती. किती वरीस व्हयनात, कोनी माले असं ऐकाडं नही." मग पुन्हा चष्मा लावून साहेब झाले आणि म्हणाले, "परीक्षा उत्तम झाली. घरचं शिक्षण उत्कृष्ट आहे. फक्त घरच्या मास्तराने जरा गप्प बसावं."

पण बार अजून संपला नव्हता. तळ्यावरच्या आळीत कुंदाला उत्तर द्यायला कुणी उरलं नव्हतं आणि ती आळी हरायला आली होती. पोरींनी सुनंदाबाईंनाच धरून पुढे ढकललं. सातारची बाई, आयुष्यात कुणाला शिवी न दिलेली. माघारी फिरल्या असत्या तर कुणी दोष दिला नसता. त्या फिरल्या नाहीत. लालबुंद चेहऱ्याने उभ्या राहिल्या. बाजूच्या पोरीला कानात काहीतरी विचारलं, मनात घोकलं, आणि अडखळत, अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "कुंदा... शायामा... येशी का?"

कुणीही हसलं नाही. कुंदाने कमरेवरचा हात काढून तो कानामागे धरला.

"जोरमा बोल बाई," ती म्हणाली, "माले ऐकू येत नही!"

सुनंदाबाईंनी पदर कमरेला खोचला आणि अशी हाक मारली की तळ्यातले बगळे उठले. "शायामा येशी का नही, कुंदे?"

"येसू!" कुंदा तेवढ्याच जोरात म्हणाली. "पन तू अशीच बोलजो!"

जूनमध्ये तिला शाळेत सोडायला मीच गेलो. परात अक्काला परत मिळाली होती आणि तिच्यात पुन्हा कणीक मळली जात होती. ओसरीवरची पोरंही आपापल्या शाळेत गेली, फक्त नानांची काठी अजून कोपऱ्यात आहे. पहिला आठवडा मी रोज संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी जीव मुठीत धरून उभा राहायचो. शुक्रवारी सुनंदाबाई स्वतः बाहेर आल्या. आता त्या वर्गात मुलांना त्यांच्या घरची बोली बोलू देतात आणि स्वतःही शिकतात, हे मी ऐकून होतो. चेहरा मात्र गंभीर होता.

"जीवरामभाऊ, एक तक्रार आहे," त्या म्हणाल्या. "कुंदाला जरा हळू बोलायला सांगा. शेजारच्या वर्गालाही त्यांच्या मास्तरांचं काही ऐकू येत नाही, सगळं तिचंच ऐकू येतं."

मी होय होय म्हणालो. मग वाटेत पेढे घेतले, फुलचंदजींना दिले, नानांना दिले, दूधवाल्यालाही दिला. कशाचे म्हणून जो तो विचारत होता. मुलीची शाळेतून तक्रार आली, असं मी प्रत्येकाला सांगत घरी गेलो.